गाडी घासली : विमा मागायचा की खिशातून भरायचे?

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील तरुणांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मित्रांनो आणि बहिणींनो, आज मी मोठ्या अपघाताबद्दल बोलणार नाही. मोठा अपघात झाला की पोलीस, दवाखाना, कोर्ट आपोआप येतात. मला बोलायचे आहे ते लहान ठोकरीबद्दल. बंपर फुटला, दार चेपले, आरसा गेला, बाकी सगळे सलामत. अशा वेळी रस्त्यावर उभे राहून दहा मिनिटांत आपण जे ठरवतो, त्याचा खर्च पुढे पाच वर्षे भरत राहतो. अनेकदा तो भरतो आहोत हे आपल्याला कळतही नाही.

आपल्याकडचे रस्ते बघा. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूरवरून कसारा घाटाकडे जातो. कल्याणहून मुरबाड, सरळगाव करत माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात शनिवार-रविवारी काय गर्दी असते, ते मुरबाडकरांना सांगायला नको. शहापूर-किन्हवली-सरळगाव हा आपला रोजचा रस्ता. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तोही शहापूर तालुक्यातून जातो. सकाळी आसनगाव स्टेशनबाहेर रिक्षा, स्कूटी आणि इको एकमेकींना घासूनच पुढे सरकतात. म्हणजे लहान ठोकर आपल्यापैकी प्रत्येकाच्या नशिबी कधी ना कधी येणारच.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलूया, कारण ती आपण घरात बोलतो आणि बाहेर बोलत नाही. आपल्यातल्या अनेक मुलांच्या मनात भीती असते. गर्दी जमली, कुणी नाव विचारले, आणि बंपरची गोष्ट भलतीकडेच गेली तर? या भीतीपोटी मुले दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर थांबतच नाहीत. नाहीतर समोरचा मागेल तेवढे पैसे देऊन मोकळे होतात. भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण हे दोन्ही मार्ग आपल्याच विरुद्ध जातात. न थांबल्याने साध्या ठोकरीचा गुन्हा होतो. आणि पैसे देऊन निघून गेलो तर काय झाले, किती दिले, कशासाठी दिले, याचा एकही पुरावा हातात राहत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचे कलम १३४ प्रत्येक चालकाने पाठ करावे असे आहे. कुणाला लागले असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर चालकावर तीन जबाबदाऱ्या येतात. पहिली, जखमीला उपचार मिळवून देण्यासाठी शक्य ते सगळे करणे. दुसरी, पोलिसांना माहिती देणे. जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर, आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात जाऊन देणे. तिसरी, आपल्या विमा कंपनीला लेखी कळवणे. आणि याच कलमात एक शब्द आहे तो लक्षात ठेवा. जमावाच्या संतापामुळे जागेवर मदत करणे शक्य नसेल, तर कायदा तो अपवाद मानतो. म्हणजे गर्दीची भीती कायदा करणाऱ्यांनाही माहीत होती. जिवाला धोका वाटला तर तिथून निघा, पण निघून थेट घरी जाऊ नका, पोलीस ठाण्यात जा. रस्त्यातूनच ११२ला फोन करा. कुणी जखमी असेल तर १०८ची रुग्णवाहिका बोलवा. पळून गेलेला आणि ठाण्यात गेलेला, या दोघांत कायद्याच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून पहिला प्रश्न कधीही पैशाचा नसतो. पहिला प्रश्न हा, की कुणाला लागले का? मोटारसायकलवाला पडतो, उठतो, कपडे झटकतो, "काही नाही झाले" म्हणतो आणि जातो. संध्याकाळी त्याचे डोके दुखायला लागते. अशा वेळी त्याला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून आणा, केस पेपर काढू द्या. माणसाला लागले असेल तर ते प्रकरण रस्त्यावर मिटवायचे नाही. पाच हजार हातावर ठेवून आणि चिठ्ठी लिहून जखमीचा भरपाईचा हक्क संपत नाही. माणसाच्या इजेसाठी आणि मृत्यूसाठी थर्ड पार्टी विम्याला रकमेची मर्यादाच नाही. तो विमा नेमका त्यासाठीच आहे.

कुणालाही लागलेले नाही, फक्त पत्रा आणि प्लास्टिक गेले आहे, असे नक्की झाले की मगच पुढचा विचार.

दुसरा प्रश्न : तुमच्याकडे कोणता विमा आहे? हसू नका, अर्ध्या लोकांना याचे उत्तर देता येत नाही. "इन्शुरन्स आहे ना" एवढेच माहीत असते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते त्यासाठी. त्यातून तुमच्या बंपरला एक रुपया मिळत नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा, त्याचा हप्ता वेगळा. दोन्ही एकत्र असले की आपण त्याला फुल इन्शुरन्स म्हणतो. कर्ज चालू असते तोवर फुल इन्शुरन्स काढावा लागतो. कर्ज फिटले की लोक फक्त थर्ड पार्टीवर येतात. तसे असेल तर क्लेम करायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, खर्च खिशातून. आणखी एक घोळ. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे "आपला विमा पाच वर्षांचा आहे" असे स्कूटीवाल्यांना वाटते. स्वतःच्या गाडीचा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो आणि तो कधीच संपलेला असतो.

समजा फुल इन्शुरन्स आहे. मग आता हिशेबाला बसूया. कागद-पेन घ्या.

विम्यात एक सवलत असते, नो क्लेम बोनस. लोक तिला एनसीबी म्हणतात. एक वर्ष क्लेम केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या भागाच्या हप्त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट. दोन वर्षे नाही केला तर २५, तीन वर्षे ३५, चार वर्षे ४५, आणि पाच वर्षे सलग नाही केला तर ५० टक्के. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नसते. स्वतःच्या गाडीसाठी एक क्लेम केला, मग तो पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा, की ही शिडी पुन्हा शून्यापासून चढायची.

एक उदाहरण धरू. गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसी. आजवर एकही क्लेम नाही, सध्या ३५ टक्के सूट चालू आहे. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता, सूट धरण्याआधी, ८,००० रुपये. शहापूरच्या वळणावर पुढचा कोपरा घासला. वर्कशॉपचे एस्टिमेट असे : बंपर ५,०००, पुढचा फेंडर ३,०००, रंगकाम ६,०००, मजुरी २,५००. एकूण १६,५००. हे आकडे मी हिशेबासाठी धरलेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील.

कंपनी १६,५०० देईल का? नाही. बंपर प्लास्टिकचा, त्यावर निम्मी घट, म्हणजे २,५०० गेले. फेंडर पत्र्याचा, तीन ते चार वर्षांच्या गाडीला पत्र्याच्या भागांवर २५ टक्के घट, म्हणजे ७५० गेले. रंगकामाच्या एकूण बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मी घट, म्हणजे आणखी ७५०. मजुरी पूर्ण मिळते. काच असती तर तिच्यावर घट नसते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सर्वसाधारणपणे आपणच भरायचे असतात. त्याहून मोठ्या कारला २,०००. सगळे वजा करून हातात येतात ११,५००. म्हणजे क्लेम करूनही ५,००० तुमच्या खिशातून गेले.

आता दुसरी बाजू. क्लेम केला नसता तर पुढची पाच वर्षे सूट मिळाली असती ४५, ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केल्यावर मिळेल शून्य, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक वर्षावर्षाने मांडा : ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२०. म्हणजे एका वर्षाच्या हप्त्याच्या १२० टक्के रक्कम तुम्ही पाच वर्षांत थोडी थोडी करून जास्त भरणार. ८,०००चे १२० टक्के म्हणजे ९,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ११,३२८.

मिळाले ११,५००, गेले ११,३२८. गाडी जुनी होते तशी तिची विम्यातली किंमत घटते, हप्ताही घटतो, त्यामुळे गेलेला आकडा प्रत्यक्षात थोडा कमी भरेल. पण त्यासाठी फॉर्म, सर्व्हेअर, वर्कशॉपच्या फेऱ्या, शिवाय पुढच्याच महिन्यात खरोखर मोठी ठोकर बसली तर वर्षातला दुसरा क्लेम. आणि हेच काम शहापूर-आसनगावच्या डेंटरने बंपर न बदलता जोडून, रंगवून कमी पैशांत केले, तर क्लेम न करणे सरळ सरळ फायद्याचे.

म्हणून एक सोपी खूण लक्षात ठेवा. तुमची सूट ३५ टक्के किंवा त्याहून वर असेल, तर क्लेमची खरी किंमत एका वर्षाच्या हप्त्याच्या सव्वापट, अधिक जीएसटी. गाडी पहिल्याच वर्षात असेल, सूट अजून सुरूच झालेली नसेल, तर ती किंमत साधारण निम्म्या हप्त्याएवढी. मधल्या पायऱ्यांवर : २० टक्क्यांवर असाल तर ८० टक्के, २५वर असाल तर एका हप्त्याहून थोडी जास्त. हातात येणारी रक्कम यापेक्षा बरीच मोठी असेल तरच क्लेम करा. आसपास असेल तर सोडा. झिरो डेप घेतले असेल तर घट कापली जात नाही, पण सूट जातेच. एनसीबी प्रोटेक्ट घेतले असेल तर त्याच्या अटी वाचा. मग गणितच बदलते.

एजंट हे गणित सांगत नाही, वर्कशॉपही सांगत नाही. वर्कशॉपला क्लेम हवाच असतो, कारण विम्याचे बिल मोठे होते.

पिकअप आणि टेम्पोवाल्या भावांसाठी वेगळी सूचना. व्यावसायिक गाड्यांच्या पॉलिसीत बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेट, टायर आणि रंगकाम हे लहान नुकसानीत धरत नाहीत, जोपर्यंत तुम्ही आयएमटी २३ नावाचे जास्तीचे कलम घेतलेले नसते. छोट्या ठोकरीत नेमके तेच तुटते. पॉलिसीवर हा आकडा शोधा.

आता समोरच्याच्या गाडीचे काय? चूक तुमची आणि नुकसान त्याचे, तर कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. पण ते मिळवायला त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. तीन हजारांच्या आरशासाठी कुणी जात नाही. म्हणून लोक मिटवतात, आणि मिटवण्यात गैर काही नाही. फक्त नीट मिटवा. आधी फोटो : दोन्ही गाड्यांचे नंबर, नुकसान, आणि मागचा रस्ता दिसेल असे. एकमेकांचे लायसन्स आणि विम्याचा कागद बघा. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. चिठ्ठी लिहा : तारीख, ठिकाण, गाड्यांचे नंबर, कुणालाही इजा नाही, अमुक रक्कम मिळाली, यापुढे मागणी नाही, दोघांच्या सह्या. "सगळी चूक माझी, सगळा खर्च मी देईन" असे मात्र लिहू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये किंवा पैशाचे वचन देऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. विम्यातून घ्यायचे असेल तर आधी कंपनीला कळवा, मग पैशाचे बोला. आणि क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअरने गाडी बघेपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका.

हिशेब क्लेम करा म्हणाला, तरी कागद आडवे येऊ शकतात. आपल्या भागात तीन गोष्टी नेहमी दिसतात. पहिली, जुनी गाडी घेतली, आरसी नावावर केली, विमा मात्र आधीच्या मालकाच्याच नावावर. कायद्याने थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे येते. स्वतःच्या नुकसानीचे मात्र आपोआप येत नाही. चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. दुसरी, खासगी नंबरच्या गाडीतून भाड्याने वऱ्हाड नेणे. भाडे घेतले की खासगी पॉलिसीची अट मोडली. तिसरी, लायसन्स. ६ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो. पिकअप चालवणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे. पण त्याचा फायदा ज्याच्याकडे फक्त मोटारसायकलचे लायसन्स आहे त्याला नाही. आणि सोळा वर्षांच्या भावाच्या हातात चावी देणाऱ्यांनो, कलम १९९अ वाचा. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

इथून एका अवघड विषयाकडे येतो. गॅरेजवाला म्हणतो, "मागचा जुना डेंटही यातच काढून टाकू." घरचे म्हणतात, "छोटा चालवत होता, पण नाव चाचांचे लिहू, त्यांचे लायसन्स आहे." सगळेच करतात, असे सांगितले जाते. मित्रांनो, ही चोरी आहे. विम्याचा पैसा कंपनीच्या मालकाच्या तिजोरीतून येत नाही. तो आपल्यासारख्याच हजारो लोकांनी भरलेल्या हप्त्यांतून येतो. ती अमानत आहे. आणि नुसते नैतिकतेचे सोडा, व्यवहारानेही बघा. चालकाचे खोटे नाव लिहिले आणि आठ दिवसांनी समोरच्याने इजेचा दावा केला, तर कोर्टात चाचा उभे राहणार. विनालायसन्स चालवल्याचे सिद्ध झाले तर न्यायाधिकरण कंपनीला जखमीचे पैसे द्यायला लावू शकते, आणि तेच पैसे गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. घर विकायची वेळ येते ती अशी.

तरुण मुले मला हमखास विचारतात, विमा जायज आहे का? फतवा देणे माझे काम नाही. एवढे सांगतो, की हा वाद खरा आणि जुना आहे. इस्लामी परिषदेच्या जेद्दा इथल्या फिक्ह अकादमीने १९८५ साली व्यापारी विमा अमान्य केला आणि परस्पर सहकार्याचा विमा, म्हणजे तकाफुल, मान्य केला. तकाफुलचे अभ्यासक आकिलाचा दाखला देतात : एकाच्या हातून नकळत दुसऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाईचा भार सगळ्या कबिल्याने मिळून उचलायचा. तुमचे मत काहीही असो, थर्ड पार्टी विमा हा स्वतःच्या फायद्याचा सौदा नाही. तुमच्या गाडीने ज्याला लागेल त्या माणसाच्या हक्काची ती तजवीज आहे. तो संपू देणे म्हणजे स्वतःचा नाही, त्याचा हक मारणे.

शेवटी, क्लेम नाकारला तर? "उशिरा कळवले" हे एकच कारण सांगून खरा क्लेम नाकारू नका, असे विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. नकार लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, विमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येते, आणि तुमच्या-आमच्या हप्त्याएवढ्या व्यवहाराला तिथेही फी पडत नाही. हे दरवाजे सगळ्या नागरिकांसाठी आहेत. आपण ते वाजवत नाही, म्हणून ते आपल्यासाठी बंद आहेत असे आपल्यालाच वाटायला लागते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. पॉलिसी काढा आणि चार गोष्टी बघा : कुणाच्या नावावर आहे, कधी संपते, स्वतःच्या नुकसानीचा भाग आहे का, आणि सूट किती टक्के आहे. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर साठवलेली सूटही जाते, हेही लक्षात ठेवा. या चार गोष्टी कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. अब्बांच्या, चाचांच्या, शेजारच्या काकांच्या गाडीचेही बघून द्या. ज्याला आपला कागद माहीत आहे, तो रस्त्यावर गर्दीपुढे घाबरत नाही, कुणाला फसवत नाही आणि कुणाकडून फसतही नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.